टाकी भरलेली ठेवता की रिकामी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, लग्नाच्या पंगतीत, हवा भरणाऱ्या पोरानंसुद्धा हेच विचारलंय : महिन्या-दोन महिन्यांतून एकदा निघणारी ही ८६ सालची प्रीमियर पद्मिनी गाडी, तिच्यात पेट्रोल भरून ठेवता की काढून टाकता? मी उत्तर द्यायला लागलो की तुम्ही स्टिअरिंगवरचा गिअर हलवून बघायला लागता. आज पूर्ण ऐका.

बाबांचा नियम होता, टाकी गळ्यापर्यंत. मोकळी जागा राहिली की दमट हवा आत शिरते, टाकीच्या पत्र्याला आतून घाम येतो आणि गंज धरतो. तेव्हा शिसंवालं पेट्रोल होतं. त्यांनी गाडी चालवणं सोडल्यावर मीही तेच केलं. आता सरकार पेट्रोलमध्ये इथेनॉल, म्हणजे एक प्रकारचं अल्कोहोल, मिसळायला लावतं; ते पाणी ओढतं, जुनं रबर मऊ करतं, असं कुणी म्हणालं की मी हसायचो. पस्तीस वर्षं चालली आहे, म्हणायचो.

मग तो दसरा. हार घातला, चाकाखाली लिंबं ठेवली, आणि ८१ वर्षांचे बाबा म्हणाले, "एक चक्कर मार." टाकीत जूनमध्ये भरलेलं पेट्रोल होतं. म्हात्रे पुलापर्यंत बरी आली, पुलावर चढताना आचके द्यायला लागली आणि मधोमध बंद. मागे हॉर्न. मी चोक ओढला, स्टार्टर मारत राहिलो. एकदा, चारदा, किती वेळा ते मोजलं नाही. बाबा दोनदा म्हणाले, "वास येतोय." मी म्हणालो, "ओव्हरफ्लो झालंय, बसा तुम्ही." बसा म्हणालो! शेवटी ते स्वतःच दार उघडून, दाराला धरत उतरले आणि म्हणाले, "आधी बॅटरीची वायर काढ." बॉनेट उघडलं. पंपाकडून कार्बोरेटरला, म्हणजे पेट्रोलमध्ये हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाला, जाणारा रबरी पाइप चिंच भिजवल्यासारखा मऊ पडला होता, आणि माझ्या प्रत्येक स्टार्टरसरशी त्यातून पेट्रोल गरम इंजिनावर ठिबकलं होतं. ठिणगी पडली नाही, एवढंच.

बाबा रिक्षानं घरी गेले. मला एका शब्दानं बोलले नाहीत. त्यानंतर गाडीतही बसले नाहीत. गुडघ्यांमुळे, असं आई सांगते.

टाकीच्या तळातलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढलं तर दोन थर. वर पिवळट पेट्रोल, खाली पाणी आणि त्यानं ओढून घेतलेलं इथेनॉल. पंप तळातूनच ओढतो, तेव्हा कार्बोरेटरला काय मिळत होतं ते बघा. सरकारला शिव्या घालायला मला आवडलं असतं, थोड्या घातल्याही. पण एवढं पाणी नुसत्या हवेतून येत नाही. टाकीच्या झाकणाचं रबर कडक होऊन चिरलं होतं आणि गाडीवरच्या शेडचा पत्रा गळत होता. दोन्ही मला माहीत होतं.

आता टाकीत १० लिटरच्या वर ठेवत नाही, म्हणजे ते संपतं आणि ताजं भरता येतं. पंधरा दिवसांनी अर्धा तास चालवायची असं ठरवलंय, ठरवलंय, म्हणालो. पावसाळ्याआधी टाकी उपसतो, ते पेट्रोल थोडं थोडं स्कूटरमध्ये जिरवतो. पाइप सगळे इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घातले. १०० ऑक्टेनचं महाग पेट्रोल घाला म्हणणाऱ्यांनो, ऑक्टेन म्हणजे दाबाखाली पेट्रोल आपोआप न पेटण्याची ताकद; या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, इतकं कमी आहे की तिला जास्त ऑक्टेनची गरजच नाही.

मग बाबा चुकले होते का? परवा काचेच्या फिल्टरमध्ये तांबूस कण दिसले. अर्ध्या रिकाम्या टाकीचा गंज. बाबांना दाखवला नाही. नवा फिल्टर बसवलाय, या खेपेला टाकी जरा जास्त भरली. किती, ते विचारू नका.