चालकाशी बोलू नये

रविवार, रात्रीचे पावणेबारा

कूलर आत्ता कुठं परत चालू केलाय आणि त्याच्या घरघरीत बसून हे लिहितोय. मे महिन्यात सोलापुरात जवळजवळ दोन तास कूलर बंद ठेवून पिक्चर बघणं म्हणजे काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल, बनियन पिळून काढावं अशी अवस्था, पण भाच्याचा हट्ट होता की मामा ह्या पिक्चरमध्ये आवाज लय महत्त्वाचा आहे, आणि आमचा कूलर जुना पत्र्याचा, चालू केला की पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटतं. शेवटी खिडक्या उघडल्या, डास आले, कछुआ लावला आणि बसलो सगळे.

पिक्चर होता ड्राइव्ह. 2011 चा, रायन गॉसलिंगवाला. भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीला आलाय, आणि इंजिनिअरिंग सोडून बाकी सगळ्याचा अभ्यास करून आलाय. मी हा पिक्चर आधी बघितलेला. म्हणजे पुण्यात कॉट बेसिसवर राहायचो तेव्हा रूममेटच्या लॅपटॉपवर सुरू केला आणि अर्ध्यात झोपलो. झोपलो ते झोपलो, वर मत पण ठोकून दिलं, स्लो आहे, टुकार आहे, हीरो मुका आहे का बे. आणि दहा-बारा वर्षं कुणी विषय काढला की हेच मत सांगत आलो, अर्ध्या पिक्चरवरचं. एवढ्या कमी भांडवलावर एवढं मोठं मत फक्त मीच देऊ शकतो.

आज प्रेक्षक म्हणजे मी, बायको, आई, अप्पा, भाचा आणि शेजारचे अण्णा. अण्णा खरं तर पाणी उद्या येणार का परवा हे विचारायला आले होते, आईनं बसा म्हणलं, बसले. त्यांचं सगळं आयुष्य पूर्वभागात पॉवरलूमवर गेलं, घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि पिक्चरच्या बाबतीत माणूस एकदम कडक, तिकडच्या नवीन पिक्चरचा पहिला शो सोडत नाहीत ह्या वयात.

सुरुवातीला नावं येतात ती गुलाबी अक्षरात, पळती, वळणदार. बायको म्हणली लग्नपत्रिका आहे का ही. आणि खरंच तसंच दिसतं. भाचा लगेच मास्तर झाला, म्हणला मामी हा नॉयर आहे. मग पॉज करून दोन मिनिटं लेक्चर. नॉयर म्हणजे फ्रेंचमध्ये काळा. 1940 च्या दशकात अमेरिकेत जे ब्लॅक अँड व्हाइट गुन्हेगारीचे पिक्चर निघाले, भिंतीवर खिडकीच्या पट्ट्यांची सावली, सिगरेटचा धूर, पैशाच्या आणि बाईच्या नादात खड्ड्यात जाणारा एक माणूस, त्याला फ्रेंच समीक्षकांनी हे नाव दिलं. हा त्याचा आजचा अवतार, फक्त काळ्याच्या जागी निळा, नारिंगी, गुलाबी. आणि मजा म्हणजे ह्याचा दिग्दर्शक निकोलस विंडिंग रेफन, हा डेन्मार्कचा माणूस, रंगांधळा आहे. मधले रंग त्याला नीट दिसत नाहीत म्हणून तो सगळं भडक ठेवतो. आणि त्याला गाडी पण चालवता येत नाही. अण्णा म्हणले, रंग दिसत न्हाई, गाडी येत न्हाई, अन् पिक्चरचं नाव ड्राइव्ह, चांगलंय की. इथं अप्पा पहिल्यांदा हसले.

अप्पांबद्दल लिहायला पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. अप्पांनी एसटीत 31 वर्षं स्टिअरिंग धरलं. सोलापूर डेपो. शेवटची बरीच वर्षं पुण्याची रातराणी, मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, अडीचशे किलोमीटर जायचं आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच परत. विनाअपघात सेवेचा बिल्ला आहे त्यांच्याकडं, आईनं देवघराच्या खणात ठेवलाय, गंगाजलाच्या गडूशेजारी. बोलत नाहीत. म्हणजे भांडण नाही, राग नाही, बोलतच नाहीत. लहानपणी आम्हाला वाटायचं की चिडलेत, दहावीपर्यंत मला वाटत होतं की मी काहीतरी केलंय.

तर पहिला सीन. हा गॉसलिंग, ह्याला पिक्चरभर नावच नाही, दिवसा गॅरेजात काम करतो, पिक्चरमध्ये स्टंटची गाडी चालवतो आणि रात्री चोरांना गाडीतून पळवून न्यायचं भाडं घेतो. नियम एकच, पाच मिनिटं मी तुमचा, त्याच्या आधी न् नंतर तुमचं तुम्ही बघा. मनगटावरचं घड्याळ काढतो आणि स्टिअरिंगला बांधतो. अप्पा लोडाला टेकलेले होते ते सरळ बसले.

एक चोर आला, दुसरा अजून आत. घड्याळ चाललंय. आई म्हणली जाऊ दे की आता, पकडतील. अप्पा म्हणले, "दुसरा यायचाय अजून. पॅसेंजर टाकून जाणार न्हाई तो." आणि आला दुसरा. मग गाडी निघाली तर पळवत नाही, हळू, लाइट बंद करून पुलाखाली थांबतो, वर हेलिकॉप्टर, कानाला पोलिसांचा वायरलेस, आणि मधूनच रेडिओवर बास्केटबॉलची मॅच लावतो. आम्हाला कुणालाच कळेना मॅच कशाला ऐकतोय हा. शेवटी मॅच सुटायच्या टायमाला स्टेडियमच्या पार्किंगात गाडी घालतो, डोक्यावर टोपी चढवतो आणि गर्दीत मिसळून चालत निघून जातो. गाडी पण कसली, साधी चंदेरी इम्पाला, तिकडं गल्लोगल्ली दिसणारी, कुणी वळून बघणार नाही अशी. अप्पा एवढंच म्हणले, "हा ड्रायव्हर हाय." बाकीचे सगळे गप. अप्पांकडून सर्टिफिकेट मिळणं काय असतं ते घरात सगळ्यांना माहीत आहे, माझी टू-व्हीलर चालवणं बघून ते गेली वीस वर्षं नुसतं हं म्हणतात.

पण त्यानंतर जे सुरू झालं ते म्हणजे शेजारीण, तिचं छोटं पोरगं, आणि हीरो नि ती एकमेकांकडं बघतायत. बघतायत. बघतायतच. अण्णांनी दोनदा मोबाईल काढून टाइम बघितला. म्हणले, "बोल की रे एकदाचं! आमच्याकडं हीरो एवढा वेळ गप बसला तर पब्लिक पडदा फाडतंय." बायको म्हणली आवडतंय मला, सगळं बोललंच पाहिजे असं आहे का. अण्णा म्हणले फायटिंग कुठाय, रेस कुठाय, पोस्टरवर तर गाडी होती.

तेव्हा भाच्यानं पॉज करून जो किस्सा सांगितला तो मला माहीत नव्हता. हा पिक्चर 2011 च्या मे महिन्यात फ्रान्समधल्या कान गावच्या सिनेमा महोत्सवात दाखवला, तिथं रेफनला बेस्ट डायरेक्टर मिळालं, समीक्षक खूश, आणि सप्टेंबरात अमेरिकेत लागला तेव्हा साधं पब्लिक वैतागलं. तिकडं सिनेमास्कोर नावाचा प्रकार आहे, पिक्चर लागला त्या रात्री थेटरात लोकांना कार्ड देतात आणि शाळेसारखी ग्रेड मागतात. ह्याला मिळाली सी मायनस. आणि मिशिगन राज्यातल्या एका बाईनं तर केस केली, की ट्रेलर बघून मला वाटलं फास्ट अँड फ्युरिअससारखा गाड्या पळवायचा पिक्चर असणार, प्रत्यक्षात ड्रायव्हिंग जवळजवळ नाहीच, माझे तिकिटाचे पैसे परत द्या.

अण्णा एवढे खूश झाले की काय सांगू. "बराबर केलं त्या बाईनं! नाव ड्राइव्ह ठेवायचं न् पोरीकडं बघत बसायचं." मी पण हसलो, पण मनात म्हणलं त्या बाईनं निदान अख्खा बघितला असेल, मी तर अर्ध्यातच निकाल देऊन मोकळा झालो होतो. आणि अण्णांचं चुकतंय असं पण वाटत नाही. दिवसभर मागाच्या खडखडाटात काढलेल्या माणसानं पैसे मोजून थेटरात जायचं आणि तिथं पडद्यावर दोन माणसं गप बसलेली बघायची, कशाला? भाचा ह्यावर म्हणला की अण्णांना सिनेमा कळत नाही. हळूच म्हणला, पण म्हणला. मी त्याला झापलं. कान महोत्सवाचं बक्षीस म्हणजे काय कोर्टाची ऑर्डर नाही.

मग लिफ्टचा सीन. (ज्यांना बघायचाय त्यांनी इथून पुढं वाचू नका, नंतर मला शिव्या घालू नका.) लिफ्टमध्ये हीरो, ती शेजारीण आणि तिसरा एक अनोळखी माणूस. हीरोला त्याच्या कोटातलं पिस्तूल दिसतं. हीरो हातानं तिला हळूच कोपऱ्यात सारतो, आणि लिफ्टमधला उजेड मंद मंद होत जातो. आई पटकन म्हणली, "व्होल्टेज गेलं बघ." आणि उठून स्टॅबिलायझर बघायला निघाली! सगळे हसायला लागले, भाचा ओरडतोय आज्जी पिक्चरमध्ये गेलंय, आपल्याकडं नाही, आणि त्या गोंधळात हीरोनं तिचा पहिला न् शेवटचा मुका घेतला, आणि आम्ही टीव्हीकडं बघेपर्यंत हीरो त्या माणसाचं डोकं बुटानं ठेचतोय. थांबतच नाही. हसणं तोंडातच राहिलं. ती बाहेर पडते, त्याच्याकडं बघते, दार बंद होतं. पांढऱ्या जॅकेटच्या पाठीवर सोनेरी विंचू आहे आणि तो श्वासाबरोबर वरखाली होतोय, तेवढंच दिसत राहतं.

मला हा सीन आठवत नव्हता, म्हणजे तेव्हा इथपर्यंत मी पोचलोच नव्हतो. आणि आधीचा तासभर का गप होता सगळा, ते तिथं कळलं. तो आधी बडबड करणारा असता तर हे एवढं लागलं नसतं.

अप्पा उठले. चप्पल शोधत म्हणले, "चांगला ड्रायव्हर होता. हे कशाला करायचं." आणि गच्चीवर झोपायला गेले. त्यांच्यामागं अण्णा पण निघाले, जाताना म्हणले आत्ता जरा पिक्चर सुरू झाला होता पण उद्या पाण्याला उठायचंय. बायकोनं उशी तोंडापुढं धरून शेवटपर्यंत बघितला, तिला शेवट आवडला, मारामारी नाही. भाच्याचं मत सांगायची गरज नाही, त्याचं मत विकिपीडियात आहे.

अप्पा गेल्यावर माझं निम्मं लक्ष उडालं. मला एक जुनी गोष्ट आठवत राहिली. मी चौथीत असेन, सुट्टीत अप्पांनी मला एकदा गाडीवर नेलं होतं, पुण्याला. ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनवर जे झाकण असतं त्याच्यावर चादरीची घडी टाकून बसवलं, तरी खालून चटके बसत होते. समोर पाटी, चालकाशी बोलू नये. मी कसला ऐकतोय. सोलापूर सोडल्यापासून प्रश्न, ट्रकवर हॉर्न प्लीज का लिहितात, रात्री साप रोडवर का येतात, आपली गाडी किती पळते, तुम्हाला झोप कशी येत नाही. एका प्रश्नाला उत्तर नाही. मान पण वळवली नाही. मला रडू यायला लागलं होतं. टेंभुर्णीला गाडी थांबली, खाली उतरलो, त्यांनी दोन चहा सांगितले, माझा बशीत ओतून दिला, आणि मग पहिल्या प्रश्नापासून सुरुवात केली. एकेक करून. ओळीनं. एकही विसरले नव्हते. सापाचं उत्तर सांगताना कंडक्टर हाका मारत होता तरी पूर्ण केलं, म्हणले रात्री डांबर गरम राहतंय, ऊब घ्यायला येतात बिचारे. मग गाडीत बसले, डबल बेल पडली, पुन्हा गप.

हे मी आज संध्याकाळपर्यंत विसरलो होतो. झोपतो आता, पाणी पहाटेच येणार म्हणतायत.

सोमवार, सकाळचे साडेसात

पाणी आलं, पाचला. मोटर लावली, मी न् अप्पा गच्चीवर बॅरल भरत होतो. अप्पा पाइप धरून उभे. बराच वेळ काही नाही. मग म्हणले, "त्या पोराचं काय झालं पुढं?"

मला आधी कळेना कुठलं पोरगं. मग सांगितलं. की मारतो तो सगळ्यांना, शेवटी म्हातारा व्हिलन ह्याच्या पोटात चाकू घालतो, हा त्याला मारतो, आणि पैशाची भरलेली बॅग तिथंच त्या मढ्याशेजारी टाकून गाडीत बसतो. डोळे उघडे, हलतच नाही, आपल्याला वाटतं गेला. मग एकदा पापणी हलते आणि गाडी चालू करून निघून जातो. कुठं जातो, जगतो का मरतो, दाखवलं नाही.

"पैसे सोडले?"

"हो."

"गाडी घेऊन गेला?"

"हो. रात्रीचा."

अप्पांनी पाइप दुसऱ्या बॅरलमध्ये घातला. "पोटात लागल्यावर क्लच दाबताना जीव जातोय," म्हणले.

भाचा तिकडं अंथरुणातून डोकं वर काढून म्हणला, "अप्पा, तिकडच्या गाड्यांना क्लच नसतो ओ बहुतेक."

"ब्रेक असतोय का न्हाई?" अप्पा म्हणले, आणि मला मोटर बंद करायला खाली पाठवलं.