बंपरमागचा गुलमोहर

मागच्या आठवड्यात माझ्या गॅरेजमध्ये पोर्शे 911 ची 997 पिढीतली कॅरेरा एस आली. पुण्याच्या गर्दीत एसी गार करत नाही आणि तापमानाचा काटा वर सरकतो, अशी मालकांची तक्रार होती. त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी कूलंट बदलून, एसीचा गॅस भरून आणि वर पॉलिश करून गाडी परत दिली होती. पुढचा बंपर मात्र कोणी उतरवलाच नव्हता.

911 चे इंजिन मागे असले, तरी आधीच्या 996 पिढीपासून ते पाण्याने थंड होते, आणि त्याचे रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत, चाकांच्या जरा पुढे असतात. त्यांच्यासमोर एसीचे कंडेन्सर, म्हणजे एसीचा गॅस थंड करणारे जाळीदार भाग असतात. बंपरच्या तोंडातून आत शिरलेला पाला याच जागेत अडकतो आणि बाहेरून कितीही पाणी मारले तरी निघत नाही. बंपर उतरवला तेव्हा डाव्या बाजूला गुलमोहराच्या बारीक पानांचा, चहाच्या चोथ्यासारखा काळा, ओला थर हाताला लागला. तो बोटांनी सोडवत गेलो, तसा खालच्या कडेला अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांचा पांढरा भुगा दिसला आणि त्याच्या बाजूला तेलकट डाग. गॅस तिथूनच निघून जात होता. असा पाला ओल धरून ठेवतो आणि धातू आतून खातो, त्यामुळे दोन-तीन पावसाळ्यांत चांगला कंडेन्सर निकामी होऊ शकतो, हे पाहून मला खरोखर वाईट वाटले.

डावा कंडेन्सर बदलला. उजवा वाचला: आधी व्हॅक्यूम, मग मऊ ब्रश आणि शेवटी मागून पुढे, म्हणजे हवेच्या उलट दिशेने, कमी दाबाचे पाणी. प्रेशर वॉशर मी इथे कधीच वापरत नाही, कारण त्याने पाती वाकतात.

बंपर उघडा होता तोवर बाकीची सर्व्हिसही उरकली. या गाडीला ऑइल मोजायची काठी नाही, म्हणून गाडी सपाट जागी उभी करून डॅशबोर्डवरच पातळी पाहावी लागते. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलायलाच हवे, कारण ते हवेतली ओल शोषते: डॉट 4 या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडे असताना किमान 230 अंश सेल्सियस असतो, पण ओल शिरल्यावर तो 155 पर्यंत खाली येऊ शकतो, आणि घाटात सलग ब्रेक लावताना हा फरक जिवावर बेतू शकतो. चाकांचे बोल्ट 130 न्यूटन-मीटरवर टॉर्क रेंचनेच, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्यानेच आवळले, अंदाजाने नव्हे.

पॉलिश करण्याआधी रंगाची जाडी मोजली. छतावर 110 मायक्रॉन भरले, तर पुढच्या दारावर केवळ 75. आधीच्या कोणीतरी पॉलिशचे मशीन जरुरीपेक्षा जास्त चालवले होते. त्यामुळे मालकांना बारीक ओरखडे तसेच राहतील असे स्पष्ट सांगून दारावर फक्त क्ले बार (रंगावर चिकटलेली घाण उचलणारी मऊ वडी) आणि मेण वापरले. क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, एकदा गेला की पुन्हा रंगवण्याशिवाय इलाज नसतो.

बंपर बसवण्यापूर्वी हवेच्या वाटांवर बारीक जाळी लावली. चांदणी चौकापर्यंत भर दुपारी चालवून पाहिली, तेव्हा काटा 80 वरच स्थिर राहिला आणि एसीही गार होता. गाडी घरी गुलमोहराखालीच उभी असते, असे मालकांनी तेव्हा सांगितले.