भूगोलाच्या बाई आणि पिंपातलं पाणी

रौप्यमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा शाळेचा निरोप आला आणि भूगोलाच्या बाईच डोळ्यांसमोर आल्या. स्नेहसंमेलन, सहली, दहावीचा निकाल यांवर बाकीचे लिहितीलच.

बाई सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या. 1972 च्या दुष्काळात त्या चौथीत होत्या. वडील खडी फोडायच्या कामावर, घरात सरकारी मदतीची सुकडी आणि लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, भाकरी. हे आम्हाला कळलं ते शाळेच्या जिन्याखालच्या पिण्याच्या पाण्याच्या पिंपामुळे.

शाळेचे शिपाई मामा रोज सकाळी ते पिंप गटारात ओतून नव्याने भरायचे. फेब्रुवारीतल्या एका सकाळी बाईंनी ते पाहिलं.

"मामा, का ओतताय?"

"कालचं आहे बाई, शिळं झालं."

बाईंनी पिंपावर झाकण ठेवायला लावलं, वर्गात आल्या आणि फळ्यावर लिहिलं, 'मोरबे'. आपल्या नळाला पाणी कुठून येतं? मोरबे धरणातून. धरणात कधी पडलं? जुलै-ऑगस्टमध्ये. "मग सहा महिन्यांपूर्वीचं ताजं आणि कालचं शिळं, हे कसं काय रे?" मागच्या बाकावरचेसुद्धा गप्प.

त्या दिवशी पर्जन्यछायेचा, म्हणजे डोंगराआड पाऊस कमी का पडतो त्याचा, धडा पुस्तकाबाहेरूनच झाला. आपल्याकडे नवी मुंबईत वर्षाला अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, माणात पाचशेच्या आसपास, तोही आला तर. बाईंच्या घरी आंघोळ परातीत उभं राहून व्हायची आणि परातीत साचलेल्या पाण्याने अंगण सारवलं जायचं. भांडी राखेने कोरडीच घासायची, मग सगळी मिळून एका घमेल्यात विसळायची. पाहुण्याच्या तांब्यात उरलेलं पाणीही टाकायचं नाही. पुढे पाऊस आला, विहिरी भरल्या, पण आईचा हात काही सैल झाला नाही, असं बाई सांगायच्या. त्यांचा स्वतःचा तरी कुठे झाला होता? कोपरखैरण्यात भरपूर पाणी असताना त्यांच्या नळाची धार करंगळीएवढीच.

आमच्या आयांना ही कंजुषी वाटायची. माझी आई तर म्हणायची, "दुष्काळ संपला, बाईंना कुणीतरी सांगा." पण शाळा सुटताना बाटल्यांतलं उरलेलं पाणी कडुलिंबाच्या झाडासाठी ठेवलेल्या बादलीत ओतायचा बाईंचा नियम आम्ही कधी मोडला नाही.

आज मी घोडबंदर रोडवरच्या टॉवरांच्या प्लंबिंगची डिझाइनं करतो. माणशी दिवसाला 135 लिटर धरायचे, त्यातले 45 नुसते फ्लशला, हा आमचा रोजचा हिशोब. वापरलेलं पाणी शुद्ध करून फ्लशला फिरवा, असं मी प्रत्येक बिल्डरला सांगतो. मे महिन्यात टँकरची रांग लागली की मग ऐकतात. 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं, तेव्हा मी बाईंना फोन केला होता. म्हणाल्या, "बाहत्तरला आमच्याकडे दाणा नव्हता रे, पण पाणी आणायला आगगाडी लागली नव्हती."

परवा शाळेत गेलो, तर जिन्याखाली पिंपाच्या जागी फिल्टरचं यंत्र. छान आहे, थंड पाणी येतं. पण त्याच्या मागची नळी थेट गटारात सोडली आहे आणि गाळून प्यायला मिळतं त्याहून जास्त पाणी तिच्यातून वाहून जातं. बाई निवृत्त झाल्या, मामाही नाहीत, त्यामुळे विचारणारं कुणी उरलेलं नाही. मुख्याध्यापकांना विनंती आहे, ती नळी स्वच्छतागृहाच्या टाकीत वळवून घ्या. पाइप आणि प्लंबर माझ्याकडून. फक्त सुट्टीतला एक शनिवार कळवा.