सुगरणीचे घरटे मातीत साकारताना

सुगरण पक्ष्यावरील एका बालपुस्तकाची चित्रे मातीतून घडवून, त्यांची छायाचित्रे छापायची असे पुण्यातील प्रकाशकांशी ठरले, तेव्हा पहिला प्रश्न मातीचाच होता. गणपतीच्या आधी येथे सहज मिळणारी शाडू बारीक रेषा उत्तम धरते. परंतु वाळताना आकसते आणि जाड भागाला पातळ भाग जोडलेला असेल, तेथे हमखास तडकते. म्हणून तिच्यात भिजवलेल्या कागदाचा लगदा मळून घेतला आणि बाभळीच्या फांद्यांना आतून तांब्याच्या तारेचा आधार दिला.

संहितेत आई घरटे विणते असे लिहिले होते. प्रत्यक्षात पावसाळ्याच्या तोंडावर पिवळ्या डोक्याचा नर गवताच्या नाहीतर शिंदीच्या पात्याच्या लांब चिरफळ्या काढून घरटे विणतो, ते अर्धे झाले की मादी येऊन पारखते, आणि तिच्या पसंतीस उतरले तरच तो खाली प्रवेशाची नळी जोडून ते पुरे करतो. मी हे संपादिकाबाईंना सांगितले, तेव्हा त्यांनी कथेचा तो भाग आनंदाने बदलला. मुखपृष्ठासाठीही मी अर्धवट घरटेच निवडले, कारण त्यात विणीची आतली आणि बाहेरची बाजू एकाच वेळी दिसते. नर आतल्या बाजूला ओल्या मातीचे गोळेही चिकटवतो. माझ्यासारख्या माती कालवणाऱ्याला ते दाखवण्याचा मोह आवरणे शक्यच नव्हते.

वीण मात्र चिकाटी पाहणारी होती. मातीची सुतासारखी वळी ओली असताना तुटतात आणि सुकली की वाकत नाहीत. त्यामुळे ती ओल्या फडक्याखाली ठेवून, एकेक उचलून, दाभणाच्या टोकाने एकमेकांखालून सरकवावी लागली.

छायाचित्रासाठी समोरून प्रकाश टाकला, तर सारी वीण सपाट दिसे. डाव्या खिडकीतून येणाऱ्या तिरप्या उन्हात ती उठून दिसली, पण फांदीची सावली मजकुराच्या जागेवर पडू लागली. अखेर पार्श्वभूमीची पाटी मूर्तीपासून हातभर मागे सरकवली. जोडपानावर पक्ष्याची चोच शिवणीत जाऊ नये, म्हणून त्याला थोडे उजवीकडे बसवले. छपाईचा नमुना हाती येऊन रंग पसंत पडेपर्यंत एकही मूर्ती मोडू नये, असे छायाचित्रकाराने बजावले होते, आणि तसेच केले, कारण नर पक्ष्याचा पिवळा रंग पहिल्या नमुन्यात मळकट आल्याने ते छायाचित्र पुन्हा काढावे लागले.