तुम्ही विचारलंत म्हणून : संक्रांत मध्येच १५ तारखेला कशी?

दर जानेवारीत हा प्रश्न येतोच. सगळे सण मागेपुढे होतात, पण संक्रांत म्हणजे १४ जानेवारी हे शाळेपासून पाठ. मग कॅलेंडरात कधी कधी १५ का छापतात?

गणपती, दिवाळी तिथीवर चालतात, म्हणजे चंद्रावर. संक्रांत सूर्यावर चालते. सूर्य धनु राशीतून मकर राशीत जातो तो क्षण म्हणजे मकर संक्रमण. ताऱ्यांच्या संदर्भात सूर्याची एक फेरी ३६५ दिवस, ६ तास आणि सुमारे ९ मिनिटांची. म्हणून संक्रमण दर वर्षी सहा तासांनी उशिरा होतं आणि लीप वर्षातला २९ फेब्रुवारी ते पुन्हा २४ तास मागे खेचतो.

ताळा करून पाहा. २०२३ साली संक्रमण १४ जानेवारीच्या रात्री पावणेनऊच्या सुमारास झालं, २०२४ साली १५ च्या पहाटे पावणेतीनला. मग २९ फेब्रुवारी आला. २०२५ मध्ये १४ च्या सकाळी नऊला, २०२६ मध्ये १४ लाच दुपारी तीनला. (पंचांगागणिक पाच-दहा मिनिटांचा फरक पडतो.) आपल्याकडे संक्रमण सूर्यास्तानंतर झालं तर पुण्यकाल दुसऱ्या दिवशी धरतात. त्यामुळे पहिली दोन वर्षं १५, पुढची दोन १४. सालाला ४ ने भागा : बाकी १ किंवा २ उरली तर १४ तारीख, ३ किंवा ० उरली तर १५. २०४२ पर्यंत तरी हे चालेल. आदल्या दिवशीची भोगी आणि दुसऱ्या दिवशीची किंक्रांत अर्थातच सोबत सरकतात.

पुढे का चालणार नाही? चार वर्षांत २४ तास ३६ मिनिटं साठतात आणि लीप दिवस २४ तासच परत घेतो. वरची ३६ मिनिटं उरतातच. इंग्रजी कॅलेंडर ऋतूंशी बांधलेलं आहे आणि ऋतूंचं वर्ष ताऱ्यांच्या वर्षापेक्षा २० मिनिटांनी लहान, कारण पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो. एक डुलणं पुरं व्हायला सुमारे २६,००० वर्षं. सरासरी काढली तर संक्रांत ७२ वर्षांत एक दिवस पुढे जाते. २१०० हे लीप वर्ष नाही, त्यामुळे २१०१ पासून १६ तारीखही दिसू लागेल. खरं उत्तरायण मात्र २१-२२ डिसेंबरलाच सुरू होतं. संक्रांत आणि उत्तरायण एकत्र येत होते त्याला सतराएकशे वर्षं झाली.

हेच गणित मागे नेलं की एक लाडका समज कोसळतो. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ला 'ऐन संक्रांतीच्या दिवशी' झाली, असं सर्रास लिहिलं जातं. तारीख बरोबर, संक्रांत चूक. त्या वर्षी सूर्य १० जानेवारीच्या आसपासच मकरेत गेला होता. लढाईची तिथी पौष शुद्ध अष्टमी. 'संक्रांत कोसळणे' हा वाक्प्रचार पानिपतावरून आला असं सांगणाऱ्यांनी आधी या तीन-चार दिवसांचा हिशेब द्यावा. शंभर वर्षांनंतरचं उदाहरण हवं असेल तर विवेकानंदांचा जन्म घ्या : १२ जानेवारी १८६३, आणि त्या दिवशी खरोखरच संक्रांत होती.

कोकणात काही घरांत आजही १० जानेवारीला संक्रांत करतात, त्याचं कारण निराळं. ही घरं टिळक पंचांग मानतात. राशिचक्राची सुरुवात कुठून धरायची यावर पंचांगांत मतभेद आहेत. बहुतेक पंचांगं चित्रा ताऱ्यावरून ती ठरवतात, टिळक पंचांग रेवतीतल्या ताऱ्यावरून. दोन्ही आरंभबिंदूंत सुमारे चार अंशांचं अंतर आहे आणि सूर्य दिवसाला साधारण एक अंश चालतो.

आणि हळदीकुंकवाचा प्रश्न : कधी भरपूर दिवस मिळतात, कधी दोन आठवडेही नाहीत, असं का? सुरुवात सूर्यावर, शेवट चंद्रावर. रथसप्तमी म्हणजे माघ शुद्ध सप्तमी. २०२५ मध्ये ती ४ फेब्रुवारीला होती, २०२६ मध्ये २५ जानेवारीला. दहा दिवस तिथेच गेले. वाणाची खरेदी करताना आधी रथसप्तमीची तारीख बघा.