ट्रॅकवर हवा किती टाकायची?

ट्रॅक डेवरून (म्हणजे आपलीच गाडी रेसट्रॅकवर पळवायचा दिवस) परत आलो की पोरं पहिलं विचारतात टॉप स्पीड किती लागला, मग लॅप टाइम, मग खर्च किती आला. टायरमध्ये हवा किती ठेवलेली हे आजवर एकानेही विचारलेलं नाही, म्हणून आता मीच न विचारता सांगतो.

वारज्यावरून जातो तोच एनएच ४८ सातारा, कोल्हापूर, बंगळुरू करत चेन्नईच्या अलीकडे इरुंगाट्टुकोट्टईपर्यंत जातो, आणि तिथे मद्रास इंटरनॅशनल सर्किट हा रेसट्रॅक आहे, जुने लोक अजून एमएमआरटीच (मद्रास मोटर रेस ट्रॅक) म्हणतात. जानेवारीत पहाटे पाचला निघालो, मी आणि मित्र, गाडी माझी जुनी स्विफ्ट. पुण्यात थंडी होती, १२ डिग्री, आणि घराखालीच छोट्या कंप्रेसरने चारही टायरला ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) टाकलेली. दुसऱ्या दिवशी दुपारी चेन्नईला सावलीत तासन्‌तास उभ्या असलेल्या गाडीला गेज लावला तर ३४! मित्र म्हणाला गेज गंडलाय. गेज बरोबर होता. तापमान १० डिग्रीने वाढलं की साधारण दीड पीएसआय वाढतो, म्हणजे १२ वरून ३० डिग्रीला आलो तर जवळपास ३ वाढायला हवे होते, पण पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर आणि चेन्नई जवळजवळ समुद्रालाच टेकलेलं, खाली बाहेरच्या हवेचा दाब जास्त, त्यात १ पीएसआय गेला. तात्पर्य, पुण्यात मारलेली हवा पुण्यातच राहिली, ट्रॅकवर पोचलात की सगळं पहिल्यापासून.

आता माझा गाढवपणा. ग्रुपवर एकाने छातीठोक लिहिलेलं, ट्रॅकला ४० टाक, टायर कडक पाहिजे, साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, दुमडता कामा नये. टाकली ४०. पहिले दोन लॅप मस्त, तिसऱ्यापासून स्टिअरिंग फिरवतोय आणि गाडी आपली सरळच चाललीये. मला वाटलं मीच घाबरून चुकतोय. पंधरा मिनिटांनी पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात तिथे) येऊन लगेच मोजलं तर पुढचा डावा ४८, पुढचा उजवा ४६, मागचे ४४. फुग्यावर चालवत होतो अक्षरशः, टायर मधोमध फुगलेला आणि जमिनीला चिकटायला रबरच कमी.

तर मुद्दा हा की थंड टायरचा आकडा ही नुसती सुरुवात आहे, खरा आकडा सेशन (ट्रॅकवरची एक फेरी) संपवून पिटमध्ये आत आल्यावर दिसतो तो. माझ्या गाडीला, साध्या रस्त्याच्या टायरवर, गरम असताना पुढे ३७ आणि मागे ३८ जमतं. तुमच्या गाडीला ३५ जमेल, मला काय माहीत. मागे १ जास्त ठेवल्यावर माझ्या गाडीचं नाक पटकन वळायला लागलं, पण ईएसपी (गाडी घसरली की आपोआप सावरणारी यंत्रणा) नसलेल्या गाडीत हा प्रयोग पहिल्याच दिवशी करू नका.

मोजायचं मात्र झटपट. आत आल्या आल्या सगळ्यात जास्त राबलेला टायर आधी, माझा पुढचा डावा, कारण दोन-चार मिनिटं गप्पा मारत बसलात की आकडा उतरायला लागतो. हवा सोडायची ती गरम असतानाच, पुढचे दोन्ही ३७ वर आणून. (हँडब्रेक ओढू नका तेव्हा, ब्रेक तापलेले असतात, गिअरमध्ये टाका आणि चाकाला दगड लावा.) गेज कायम एकच वापरायचा, स्वतःचा. पंपावरच्या मशीनचं आणि माझ्या गेजचं कधीच पटलेलं नाही, आणि खरं कोण बोलतंय याने फारसा फरक पडत नाही, दर वेळी तोच खोटारडा असला की झालं.

आणि एक खडू न्या. पोरीच्या दप्तरातला चालतो. टायरच्या खांद्यावरून (जमिनीला लागणारा भाग जिथे बाजूकडे वळतो तिथून) साइडवॉलपर्यंत रेघ मारायची आणि सेशननंतर ती कुठपर्यंत पुसली गेली ते बघायचं. बऱ्याच टायरवर खांद्याजवळ बारीक त्रिकोण असतो, त्याच्याही खाली पुसली तर टायर दुमडतोय, हवा कमी आहे. त्रिकोणापर्यंत पोचलीच नाही तर जास्त. माझी पहिल्या सेशनला पोचली नव्हती, तिसऱ्याला बरोबर टोकावर.

नायट्रोजनबद्दल विचारणार असाल तर तोही तापला की हवेइतकाच वाढतो, गॅसच आहे तो. फायदा एवढाच की तो कोरडा असतो, कंप्रेसरच्या हवेतल्या पाण्याची वाफ होऊन आकडे वेडेवाकडे नाचत नाहीत. एका दिवसाच्या मजेसाठी मी पैसे घालणार नाही.

परतीच्या दिवशी पहाटे निघालो तर गाडी डावीकडे ओढायला लागली. ट्रॅकच्या कडेच्या कुठल्या तरी कर्बवर जोरात चढलो असणार, अलाइनमेंट गेली, सस्पेन्शनचं काय वाकलं असेल, असा हिशोब डोक्यात चालू, मित्र गप्प. शेवटी कृष्णगिरीजवळ चहाला थांबलो तेव्हा त्यानेच विचारलं, "अरे, काल हवा सोडलेली ती परत भरलीस का?" डावा २८, उजवा ३०. डावा जास्त तापलेला, म्हणून त्यातूनच जास्त सोडलेली, आणि थंड झाल्यावर तोच जास्त खाली बसला. कंप्रेसर डिकीत, बॅगांच्या तळाशी.