साडेबाराच्या आत पाच हायकू

जपानच्या ओसाका शहराच्या दक्षिण भागात सुमियोशी ताइशा नावाचं जुनं देवस्थान आहे. समोरून ट्राम जाते. आत शिरलं की तळं आणि तळ्यावर उंच कमानीचा लाल पूल. इथे १६८४ साली इहारा साइकाकू नावाच्या माणसाने एका दिवसरात्रीत २३,५०० कडवी रचली. चोवीस तासांचा हिशेब केला तर एका कडव्याला चार सेकंदसुद्धा मिळत नाहीत. लिहून घेणाऱ्यांची बोटं तेवढी चालणं शक्यच नव्हतं. ते नुसत्या रेघा मारून मोजत होते म्हणे, त्यामुळे त्यातलं जवळजवळ काहीच शिल्लक नाही. मला हा पराक्रम कवितेपेक्षा मल्लखांबाच्या जवळचा वाटतो. तरी त्या देवळात गेलं की आपणही काहीतरी झटपट लिहावं अशी खुमखुमी येतेच.

आमच्या वस्तीतल्या सार्वजनिक सभागृहात एक हायकू मंडळ भरतं. बहुतेक सगळे निवृत्त, मी त्यांच्यातलं शेंडेफळ आणि एकमेव परदेशी. एरवी लोक घरून लिहून आणतात. पण मला आवडतं ते ‘गिन्को’, म्हणजे सगळ्यांनी मिळून कुठेतरी भटकायचं आणि तिथंच लिहायचं. जूनमध्ये आम्ही सुमियोशीला गेलो होतो. साडेदहाला फाटकापाशी जमलो, आणि साडेबाराच्या आत प्रत्येकाने पाच हायकू द्यायचे असं ठरलं. प्रत्येकात ऋतूची खूण हवी, आणि साधारण ५-७-५ अक्षरांचा साचा.

पहिला तास मजेत जातो. तळ्यातली कासवं बघायची, दगडी दीपस्तंभांवरची अक्षरं लावत बसायचं. पावणेबाराला अजून पुष्कळ वेळ आहे असं उगाचच वाटत राहतं. मग एकदम बारा वाजतात आणि वहीत दीड हायकू असतो. इथून पुढचा जो अर्धा तास असतो ना, त्याच्यासाठी मी जाते. घरी निवांत बसले की मला हमखास विरह, एकटेपण, मायभूमी असलं काहीतरी सुचतं. बारा वाजून गेल्यावर मायभूमीला वेळच नसतो. समोर जे आहे तेच उचलावं लागतं: कुणाची तरी ओली छत्री, प्रसादाच्या दुकानातला पंखा, देवळाच्या शेतात नुकतीच लावलेली भाताची रोपं. आजीबाई, आजोबा, सगळे बोटांवर अक्षरं मोजत फिरत असतात. कुणी कुणाशी बोलत नाही.

कागदाच्या एकेका पट्टीवर एकेक हायकू लिहायचा, नाव घालायचं नाही. पट्ट्या पिसून पुन्हा वाटतात आणि आपल्या वाट्याला आलेल्या पट्ट्या दुसऱ्या कागदावर सुवाच्य उतरवायच्या, म्हणजे अक्षरावरूनही कवी ओळखू येत नाही. मग ते कागद फिरतात, प्रत्येक जण आवडलेले हायकू निवडतो आणि निवड मोठ्याने वाचली जाते. आपला हायकू वाचला गेला की आपण खणखणीत आवाजात आपलं नाव सांगायचं. पहिल्यांदा माझ्यावर ही वेळ आली तेव्हा मला उंबरठ्यावर अडवलेल्या नव्या नवरीसारखं झालं. ‘नाव घे, नाव घे’ म्हणून बायका मागे लागतात, आणि तिला तिथल्या तिथे यमक जुळवावं लागतं. फरक इतकाच की इथे नवऱ्याचं नाही, स्वतःचं नाव घ्यायचं. मला ही सुधारणा पसंत आहे.

त्या दिवशीचा माझा एक हायकू मराठीत असा होईल:

ट्राम थांबली
भाताच्या रोपांवर
थेंब थांबेना

एका आजींनी तो निवडला. ट्रामच्या ब्रेकचा आवाज ऐकू आला, म्हणाल्या. आमच्या गुरुजींनी निवडला नाही. थांबली आणि थांबेना ही जोडी जरा जास्तच हुशार आहे, असं त्यांनी सौम्यपणे सांगितलं. मला अजूनही ती आवडते! शिरीष पै यांनी मराठीत हायकू रुजवला. तेव्हापासून आपल्याकडे लिहिणारे खूप आहेत, पण अशी निनावी निवडानिवड मी तिकडे कधी पाहिली नव्हती.

घाईची ही हौस इथे जुनीच. क्योतोच्या जोनान्गू देवळात दरवर्षी २९ एप्रिल आणि ३ नोव्हेंबरला जुन्या दरबारी पोशाखातले कवी ओढ्याकाठी बसतात. साकेचा, म्हणजे तांदळाच्या दारूचा, पेला पाण्यावरून तरंगत येतो, तो पोहोचायच्या आत कविता पूर्ण करायची. हा खेळ मूळचा चीनचा. ३५३ साली लानतिंग इथे सुलेखनकार वांग शीझ्रच्या मेळाव्यातल्या ४२ जणांपैकी १६ जणांना काहीच सुचलं नाही, आणि त्यांना दंड म्हणून तीन-तीन पेले प्यावे लागले. हा दंड ऐकून त्या सोळांतल्या काहींना खरंच सुचलं नसेल का, अशी मला शंका आहे.

सुमियोशीनंतर आम्ही जेवायला ओकोनोमियाकीच्या, म्हणजे कोबी घातलेल्या जाड जपानी धिरड्यांच्या, दुकानात गेलो. तिथेही एका आजोबांना चैन पडेना. तव्याच्या कडेला कांद्याच्या चकत्या भाजत होत्या. जवळच्या आवाजी बेटाचा कांदा इथे प्रसिद्ध, आणि हायकूत कांदा म्हणजे उन्हाळा. “विषय कांदा,” ते म्हणाले, “ओकोनोमियाकी उलटेपर्यंत वेळ!” सगळ्यांनी चॉपस्टिक्स खाली ठेवून पेनं काढली. कांद्यावर बोलायला मराठी माणसाला एवढा वेळ पुष्कळ झाला, मी दोन लिहिले.